बोथट चाकूची खूण

सिगारची टोपी कापणं दिसतं त्याहून नाजूक काम आहे. सिगारचं ओठांकडचं टोक पानाच्या एका छोट्या तुकड्याने बंद केलेलं असतं, ती टोपी. तिचा गोलावा जिथे सिगारच्या सरळ अंगाला मिळतो त्या रेषेच्या वर, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर कापायचं. पातं रेषेखाली गेलं की वरचं पान उलगडू लागतं. फारच थोडं कापलं तर धूर ओढता ओढता गाल दुखतात. पातं धारदार हवं आणि हात न थबकता एकदाच चालायला हवा. बोथट अडकित्त्याखाली सुपारीचा चुरा व्हावा तसं बोथट पात्याखाली पान चेंगरतं आणि फाटतं.

अशा एका वाईट कापलेल्या टोकावर आर्थर कॉनन डॉयलने एक माणूस उभा केला आहे. ‘द बॉस्कम व्हॅली मिस्टरी’ ही शेरलॉक होम्सची कथा 1891 च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकात आली. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला, तेव्हापासून आपल्याकडे तो घरचाच झाला आहे. पण ही कथा त्याच्या गाजलेल्या कथांच्या मागे राहते, आणि ते मला खटकतं.

कथा थोडक्यात अशी. इंग्लंडच्या हिअरफर्डशायरमध्ये एका तळ्याकाठी चार्ल्स मॅकार्थीचा खून होतो. आरोप त्याच्या मुलावर, जेम्सवर येतो, कारण बापलेकांचं भांडण लोकांनी पाहिलेलं असतं. होम्स येतो, चिखलात पालथा पडून जमीन निरखतो, एका झाडामागची धुळीसारखी दिसणारी राख पाकिटात भरतो आणि खुन्याचं वर्णन सांगतो. उंच, डावखुरा, उजव्या पायाने लंगडणारा, हिंदी सिगार ओढणारा, तो सिगार नळीत लावणारा आणि खिशात बोथट चाकू बाळगणारा. इन्स्पेक्टर लेस्ट्रेड हसतो.

चाकूचं स्पष्टीकरण होम्स नंतर वॉटसनला देतो, तेही एका लहानशा वाक्यात. सिगारचं थोटूक त्याला शेवाळात सापडलेलं असतं. टोक दातांनी तोडलेलं नाही, कापलेलं आहे, पण काप स्वच्छ नाही. एवढंच. डॉयल तिथे रेंगाळत नाही. रसिकाने मात्र रेंगाळावं, कारण इथे एका खुणेने दुसरीला जपलं आहे. टोक तोंडात गेलेलं नव्हतं, म्हणून होम्सने नळी ओळखली. तेच टोक ओठांत धरलं असतं तर लाळेने भिजून, दातांखाली चपटं होऊन, कापाची कड केव्हाच गेली असती. नळी होती म्हणून काप राहिला. डॉयलने हे कुठेही सांगितलेलं नाही. ते आपण शोधायचं, आणि शोधल्यावर त्या लहानशा वाक्याची किंमत कळते.

आणखी एक बारकावा. तो सिगार हिंदी, पण वळलेला रॉटरडॅममध्ये. 1887 च्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये होम्सने त्रिचनापल्लीचा सिगार राखेवरून ओळखला होता. त्रिचनापल्लीचा चिरूट दोन्ही टोकांनी उघडा असतो, त्याला कापावं लागतच नाही. बॉस्कमच्या थोटकाला काप आहे, म्हणजे त्याचं टोक बंद होतं, युरोपी घडणीचं. तंबाखूचं गाव आणि वळणाऱ्या हाताचं गाव वेगळं, हे होम्सचं बोलणं कापाशी चोख जुळतं.

कर्जत-खालापूरच्या वाचकाला ही कथा दुसऱ्या एका वाटेनेही जवळची वाटेल. सिगार माथेरानच्या बंगल्यांत साहेबांबरोबर आला असेल. खाली ठाकरवाड्यांत, कातकरवाड्यांत चालली ती आपट्याच्या पानाची बिडी. तिला टोपी नाही, कापणं नाही. पण थोटूक तीही मागे टाकते. भीमाशंकरच्या पायथ्याच्या रानवाटेवर पडलेल्या थोटकाला रंगीत दोरा असेल तर ते बाजारातून आलेलं, आपट्याचं पान हाताने वळलेलं असेल तर वाडीतलं, एवढं इथला जाणता माणूस चालता चालता सांगेल. आणि पावसाचं तर विचारूच नका. कथेतला खून 3 जूनचा. होम्स पोचल्यापासून वायुभारमापकाकडे डोळे लावून असतो, कारण सर आली की सगळं वाहून जाणार. मृगाच्या तोंडावर पळसदरीच्या किंवा खोपोलीच्या डोंगरात ज्याने आभाळ भरून येताना पाहिलं आहे, त्याला होम्सची ती धास्ती समजावून सांगावी लागत नाही.

आता एक तक्रार. तर्क म्हणून हा चाकू कच्चा आहे. सिगारचं पान वाळलेलं असेल तर धारदार चाकूनेही काप फाटका येतो, कारण एकच पातं पानाला एका बाजूने दाबत जातं. दोन्ही बाजूंनी मिटणाऱ्या दुपात्याच्या कातरीला जो सफाईदार काप जमतो, तो साध्या चाकूला क्वचितच जमतो. शिवाय खुनी सापडायला चाकूचा उपयोगही होत नाही. डावखुरेपणा आणि लंगडा पाय पुरेसे आहेत.

मग तो चाकू कशाला? माझं उत्तर असं की तो खुन्यासाठी, जॉन टर्नरसाठी आहे. टर्नर तरुणपणी ऑस्ट्रेलियात सोनं लुटणारा दरोडेखोर होता. त्या लुटीवर तो इंग्लंडात जमीनदार झाला. मॅकार्थी त्या लुटीचा साक्षीदार, वर्षानुवर्षं त्याला पिळणारा, आणि आता आपल्या मुलासाठी टर्नरची मुलगी मागणारा. नळी ही टर्नरने कमावलेली सभ्यता. टोक दातांनी न तोडता कापणं हीसुद्धा तीच सभ्यता. पण चाकूला धार नाही. तो मधुमेहाने खंगलेला, मरणाला टेकलेला म्हातारा आहे. खिशातल्या चाकूला धार लावून घेण्याचे त्याचे दिवस सरले आहेत. पुढे कबुलीजबाबात तो सांगतो की मॅकार्थी एकटा पडेपर्यंत आपण झाडामागे सिगार ओढत थांबलो होतो. म्हणजे होम्सने वेचलेली राख ही त्या वाट पाहण्याची राख होती. तिथेच त्याने मॅकार्थीला आपल्या मुलीबद्दल बोलताना ऐकलं.

खुन्याला होम्स पोलिसांच्या हवाली करत नाही. जेम्स सुटतो, टर्नर पुढे सात महिने जगतो. या निर्णयावर वाचकांचे दोन तट पडतात. मी होम्सच्या बाजूने आहे, आणि त्याचं मोठं कारण ते थोटूक आहे. गुन्हेगार समोर येण्याआधीच डॉयलने आपल्याला त्याचा थकलेला हात दाखवलेला असतो. म्हणून टर्नरचा कबुलीजबाब वाचून झाल्यावर पुस्तक मिटू नका. होम्स झाडामागे वाकतो तिथपर्यंत मागे जा आणि तो परिच्छेद पुन्हा वाचा.