कुमारांचा आजार आणि कुंभाराचं गाढव

मागच्या रविवारी पेणला याच विषयावर बोललो. शेवटी एका श्रोत्यानं विचारलं, "सर, क्षय झाला नसता तर कुमार गंधर्व घडले असते का?" आम्ही गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. ते सलत राहिलं, म्हणून आज रोह्यात तिथूनच सुरुवात करतो.

गोष्ट आपल्याला माहीत आहे. 1924 साली सुळेभावीला जन्म, मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे तालीम, 1947 मध्ये भानुमतीबाईंशी लग्न आणि पाठोपाठ क्षय. कोरड्या हवेसाठी 1948 च्या जानेवारीत मुक्काम देवासला हलला. गाण्याला बंदी. महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सापडलेलं स्ट्रेप्टोमायसिन पुढे आपल्याकडे मिळू लागलं आणि ते वाचले. पण एक फुप्फुस कामातून गेलं. अंथरुणात पडल्या पडल्या माळव्याची लोकगीतं कानावर येत राहिली.

यावरून एक सोपं समीकरण रूढ झालं. श्वास अपुरा म्हणून तुकड्यातुकड्यांची गायकी, वेदना भोगली म्हणून निर्गुणी भजनं. आम्हीही वर्गात हेच सांगत आलो. आज ते मागे घेतो.

न्यायशास्त्रात घटाचं उपादानकारण माती आणि निमित्तकारण कुंभार. मग माती वाहून आणणारं गाढव? ते होतं खरं, पण नैयायिक त्याला कारणात धरत नाहीत, 'अन्यथासिद्ध' म्हणतात. पेणकरांना हे समजवायला नको. गुजरातेतून शाडू घेऊन येणाऱ्या ट्रकला कुणी मूर्तिकार म्हणत नाही! आजारानं कुमारांना माळव्यात आणून सोडलं, एवढंच त्याचं काम. त्या काळात क्षयानं हजारो माणसं अंथरुणाला खिळली. त्यातून राग जन्मले नाहीत.

इथे माती म्हणजे धुन, आणि कुंभार म्हणजे कुमारांचा कान. चार-पाच स्वरांच्या लोकधुनेत त्यांना न उलगडलेला राग ऐकू आला. मधसुरजा, लगनगंधार, संजारी, सहेलीतोडी हे त्यांचे 'धुनउगम' राग. 1965 च्या 'अनूपरागविलास'मध्ये त्यांच्या बंदिशी आहेत. हा कान आजारानं दिलेला नव्हता. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका लहान वयात हुबेहूब गाणारा तो मुलगा होता, आणि देवधरांकडे एकाच घराण्याचं कुंपण नव्हतं.

एक कसोटी सांगतो. मधसुरजातली बंदिश बळी दिल्या जाणाऱ्या बकऱ्याची हाक आहे. कुमारांच्या क्षयाबद्दल काहीही ठाऊक नसलेल्या माणसाला ती ऐकवा. त्याचाही जीव कासावीस होतो. म्हणजे ती आर्तता स्वरांत आहे, चरित्रात नाही.

दया बाजूला ठेवली की दोषही स्वच्छ दिसतात. विलंबित ख्यालात कधी कधी तुकडे सुटे पडतात, डौलदार विस्ताराची भूक राहते. 'बिचाऱ्यांना श्वास नव्हता' म्हणून हे माफ करणं आम्हाला त्यांचा अपमान वाटतो. आणि मध्य लयीत तोच थांबा जेव्हा पुढच्या स्वराची ओढ लावतो, तेव्हा ती दाद रचनाकाराला द्यायची, फुप्फुसाला नाही.

हे सगळं इथे का सांगायचं? आपल्या आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते. तेही मोजक्याच स्वरांचं गाणं. आता मांडवात डीजे लागतो आणि तिचा आवाज पलीकडच्या ओटीवरही पोचत नाही. आम्ही स्वतः अशा कितीतरी लग्नांत जेवून आलो. धवला कधी बसून ऐकला नाही. माळव्यातल्या बायकाही कुमार येण्याआधी पिढ्यान्‌पिढ्या गातच होत्या.

तेव्हा पेणच्या त्या श्रोत्याला आमचं उत्तर: कुमार घडलेच असते. कोणत्या मातीतून, ते सांगता येत नाही. आपल्याकडे माती आहे, मंडळी. कान शोधायचा आहे.