सुईखालची रेकॉर्ड आणि कपाटातली रेकॉर्ड

मंडळी, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण मोठ्या तोऱ्यात म्हणतो. पण हेवी रॉकची रेकॉर्ड हवी म्हटलं की आपली पिढी देवगिरी एक्स्प्रेस धरून मुंबईला जायची. काळ्या घोड्याचं ऱ्हिदम हाउस 2016 साली बंद झालं. आता रेकॉर्ड कुरिअरने दारात येते. मिळणं सोपं झालं, म्हणूनच विचारायला हवं : आपण विकत काय घेतो? संगीत, की दुर्मीळ वस्तू?

उदाहरण आपल्या मुंबईचंच घेऊ. अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट हा 1970च्या दशकातला बँड. बासवर कीथ कांगा, गिटारवर नील चट्टोपाध्याय. ‘ऑब्सेशन 77’ हा त्यांचा एकच अल्बम. नावात 77 आहे, पण म्युझिक इंडियाने तो बाजारात आणला 1981 साली. तोवर बँड पांगला होता. म्हणजे रेकॉर्ड आली तेव्हा ती रंगमंचावर वाजवून दाखवायला कुणी उरलंच नव्हतं.

मूळ प्रतीला आज संग्राहक भलती किंमत देतात. म्हणून अल्बम थोर ठरतो का? आम्हांला तसं वाटत नाही. त्या काळी मुंबईतल्या रॉक बँडचं पोट हॉटेलं आणि क्लबांवर चालायचं. लोकांना ठाऊक असलेली परकी गाणी वाजवावीच लागायची. त्याची छाया या रेकॉर्डवर आहे. शीर्षकाच्या रचनेत ड्रम, बास आणि गिटार असे घट्ट धरतात की आपण खुर्चीत सावरून बसतो. इतरत्र मात्र दुसऱ्यांच्या गाण्यांचा आधार जाणवतो. रॉक मशीनने 1988 साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’मध्ये स्वतःची गाणी घेऊन उभं राहायचं ठरवलं. ते धाडस इथे अर्ध्यावरच आहे. पण ते अर्धंसुद्धा रेकॉर्ड नसती तर आपल्या कानी आलं नसतं. मैफल विरून जाते, खाच उरते.

म्हणून आमचं म्हणणं असं, की ऐकायचं असेल तर पुनर्मुद्रित प्रत घ्या. 2011 साली अमेरिकेतल्या नाउ-अगेन कंपनीने या बँडचं संगीत पुन्हा काढलं. महागडी मूळ प्रत आपण भीतीने वाजवत नाही. न वाजवलेली रेकॉर्ड म्हणजे कुलूप लावलेलं वाचनालय.

आता थोडं यंत्राचं. जाड बासला खाचेत फार जागा लागते, शिवाय सुई उडण्याची भीती. म्हणून रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबतात आणि वाजवताना फोनो प्रीअँप ते पुन्हा वर उचलतो. आपल्यापैकी काही जण टर्नटेबलची वायर थेट होम थिएटरच्या साध्या इनपुटला जोडतात आणि म्हणतात, ‘हेवी कुठंय यात? सगळं पातळच.’ अहो, दोष बँडचा नाही. आधी जोडणी बघा, मग मत द्या.

आणि आपलं ऊन! मे महिन्यात बंद गाडीत रेकॉर्ड विसरलात तर ती पापडासारखी वाकते. घरात उभी ठेवा, एकावर एक रचू नका. काळ्या मातीची धूळ सुईआधी मऊ ब्रशने काढा.

एका बाजूला साधारण वीस मिनिटं मावतात. तेवढा वेळ गाणं पुढे ढकलायचा मोह होत नाही. आवडतं ऐकून घेतो तसं न आवडणारंही ऐकतो, आणि कधी कधी तेच दुसऱ्या वेळी आवडून जातं. रेकॉर्डसाठी मोजलेले पैसे आमच्या मते या सक्तीचे आहेत.

तर आता पहिली बाजू लावू या. सुई उचलेपर्यंत कुणी बोलायचं नाही. चहा बाजू पलटताना.