पेटीवरचे नाव आणि कर्त्याची मुद्रा

वाङ्मयाच्या इतिहासात कर्त्याच्या नावाचा प्रश्न किती नाजूक असतो, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या पुढच्या काळातील कवीची रचना मिसळली आणि कोणता अभंग कोणत्या 'नाम्या'चा हे ठरविताना आपल्या संशोधकांना फार श्रम पडले. अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा असूनही ही स्थिती! मग ज्या कलाप्रकारात कर्त्याला आपली मुद्रा उमटविण्याचीच मनाई होती, त्याचा इतिहास कोणी आणि कसा लिहावा?

व्हिडिओ गेम हा तो कलाप्रकार होय. त्याला कला म्हणताच काही वाचक नाक मुरडतील. परंतु आज चाळिशीत असलेल्या अनेक मराठी माणसांनी कादंबरी हाती धरण्यापूर्वी हा खेळ हाती धरला होता. भय, ईर्ष्या, पराभव आणि पुन्हा उठून उभे राहणे यांचा पहिला कल्पित अनुभव त्यांना तेथे मिळाला. ज्याने एका पिढीची कल्पनाशक्ती घडविली, त्याकडे समीक्षेने पाठ फिरवावी हे बरे नव्हे.

हे यंत्र आपल्याकडे कोणत्या नावांनी आले ते पाहण्याजोगे आहे. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली त्याला 'फॅमिली कॉम्प्युटर' म्हटले. अमेरिकेत १९८५ साली ते 'निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम' झाले. भारतात ते 'समुराई' या नावाने विकले गेले. पुढे नव्वदच्या दशकात त्याच्या स्वस्त नकला 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' अशा नावांनी घरोघर पोचल्या. सुनील गावसकरांचे बिरुद एका पेटीवर, हॉलिवुडच्या चित्रपटाचे नाव दुसरीवर, आणि आतले यंत्र मात्र एकाच घराण्याचे! मुलांनी या साऱ्या नामावळीचा निकाल एका फटक्यात लावला. यंत्र ते 'व्हिडिओ गेम' आणि त्यात बसवावयाची ती 'कॅसेट'. या कॅसेटवर '९९९९ इन १' अशी चिठ्ठी असे; आत मोजके खेळ, तेच निराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा. अनेक नकलांत तर पहिल्या पडद्यावरील मूळ प्रकाशकाचे नावही पुसलेले असे. आपली गाथा ही अशी हाती आली.

तिच्यातील 'काँट्रा' हा खेळ घ्या. कोनामी या कंपनीचा हा खेळ १९८७ सालचा. डावीकडून उजवीकडे धावणारे दोन शिपाई, चहूकडून येणाऱ्या गोळ्या, आणि एक गोळी लागताच मरण. त्याची रचना विलक्षण काटेकोर आहे. पुष्कळ शत्रूंच्या जागा नेमलेल्या असल्याने मेलेला खेळाडू शहाणा होऊनच परततो. दोन मित्रांनी एकाच वेळी खेळावयाचा हा खेळ असल्यामुळे त्यात सख्याचीही परीक्षा होते. युरोपात घरगुती यंत्रावर १९९० साली तो आला तेव्हा शिपायांच्या जागी यंत्रमानव घातले गेले आणि नाव झाले 'प्रोबोटेक्टर'. नाव बदलले आणि नायकाचे मनुष्यपणही गेले. या खेळात बटणांचा एक ठराविक क्रम दाबला की तीस जीव मिळत. तो क्रम कझुहिसा हाशिमोतो यांनी आधीच्या 'ग्रॅडियस' या खेळासाठी योजला होता. २०२० साली ते वारले. जग मात्र त्या क्रमाला 'कोनामी कोड' म्हणते. युक्ती माणसाची, नाव कंपनीचे.

हा अन्याय नकलाकारांनी सुरू केला नाही. तो प्रकाशकांच्या घरचाच आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या अटारी कंपनीत एकेक खेळ बहुधा एकच माणूस रचीत असे, आणि त्याचे नाव कोठेही छापले जात नसे. वॉरन रॉबिनेट यांनी 'अॅडव्हेंचर' या खेळात एक गुप्त दालन ठेवले आणि त्यात आपले नाव लिहिले. धन्याला त्याचा पत्ताही नव्हता. 'तुका म्हणे' ही मुद्रा ज्यांच्या कानात बसली आहे, त्यांना या चोरट्या सहीमागची तळमळ तत्काळ कळेल. त्याच कंपनीतील डेव्हिड क्रेन, अॅलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन हे चौघे मानधन व श्रेय या दोन्ही कारणांवरून बाहेर पडले आणि १९७९ साली जिम लेव्ही यांच्यासह त्यांनी 'अॅक्टिव्हिजन' काढली. ग्रंथकाराप्रमाणे खेळकाराचेही नाव छापणारी ही प्रकाशनसंस्था. पुढे तिने आपले नाव 'मीडियाजेनिक' असे बदलले, मग पुन्हा जुने घेतले. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. अटारीचे नाव तर इतक्या हातांतून फिरले की ते एका फ्रेंच कंपनीला दत्तक गेले असेच म्हणावे लागते.

या मायक्रोसॉफ्टच्याच पेट्यांची नावे आता पाहू. २००१ साली 'एक्सबॉक्स'; २००५ साली 'एक्सबॉक्स ३६०'; २०१३ साली, म्हणजे तिसऱ्या खेपेस, 'एक्सबॉक्स वन'; २०१७ साली 'एक्सबॉक्स वन एक्स'; आणि २०२० साली 'एक्सबॉक्स सिरीज एक्स' व 'सिरीज एस'. वंशावळीत नातवाचे नाव 'पहिला' ठेवावे असा हा प्रकार. निन्टेंडोच्या 'वी' या पेटीचे दहा कोटींहून अधिक नग खपले; २०१२ साली तिची वारस 'वी यू' या नावाने आली तेव्हा ती नवी पेटी की जुनीलाच जोडावयाचे उपकरण, हेच अनेक गिऱ्हाइकांना उमगेना. ती दीड कोटीही खपली नाही. सारा दोष नावाचा नव्हे, पण त्याचा वाटा मोठा. २०२५ साली याच कंपनीने 'स्विच'च्या वारसाला मुकाट्याने 'स्विच २' म्हटले. सोनी तर आरंभापासून एक ते पाच अशी मोजणी करीत आली आहे.

क्रमांक रुक्ष असतो, हे मान्य. नागपुरात सीताबर्डीवर मोदी नंबर १, २, ३ अशा गल्ल्या आहेत. त्या नावांत काव्य नाही, पण वाटसरू चुकत नाही. खुद्द सीताबर्डी हे नाव शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या गवळी बंधूंवरून पडले अशी कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, लोकांच्या तोंडी ते नाव झिजले, इंग्रजांच्या लेखणीने 'बुल्डी' झाले, नागपूरकरांच्या बोलण्यात नुसते 'बर्डी' उरले. तरी ते कोठून आले हे विचारावयास जागा राहिली. जिभेवर झिजलेले नाव आपला माग ठेवते. विक्रीच्या कचेरीत बदललेले नाव तो माग मोडते, कारण कालची पेटी विसरली जावी हाच तेथील हेतू असतो.

कोणी म्हणेल, नावाविना आनंदात काय उणे पडले? काँट्रा खेळणाऱ्या मुलाला कोनामीशी काय कर्तव्य? हा आक्षेप खरा आहे. आनंदाला नाव लागत नाही. परंतु परंपरेला लागते. कोणाच्या मागून कोण आला, कोणी कोणापासून काय घेतले, हे कळल्याविना नवा कर्ता प्रत्येक वेळी शून्यापासून आरंभ करतो.

आणि आता आपल्याकडेही कर्ते आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम स्विचवर आला, म्हणजे पुण्यात घडलेली कृती आधी अशा पेटीवर गेली, जिची भारतात तेव्हा अधिकृत विक्रीही नव्हती. हरवलेल्या भावाला शोधणारी राजी, भिंतींवरची पुराणचित्रे, आणि पिंगुळीच्या ठाकरांच्या चामडी बाहुल्यांची आठवण करून देणारे छायाबाहुल्यांचे प्रसंग यांत अस्सल सामर्थ्य आहे. लढाईत मात्र तोचतोपणा येतो, आणि कथा पुरती न होताच थांबते. हे गुणदोष त्या कर्त्यांचे आहेत. पेटीचे नव्हेत, की प्रकाशक सुपर डॉट कॉमचेही नव्हेत. त्यांची चर्चा मराठीत त्यांच्या नावानिशी झाली पाहिजे.

म्हणून या खेळांवर लिहिणाऱ्याने निदान तीन गोष्टी टाळू नयेत: कृतीचे मूळ नाव, कर्त्याचे नाव आणि साल. पेटीचे नाव त्यानंतर, तेही जरूर असेल तर. '९९९९ इन १' या चिठ्ठीखाली ज्यांचे बालपण गेले ती माणसे अजून आपल्यात आहेत आणि त्यांना पुष्कळ आठवते. ही गाथा शुद्ध करून घ्यावयाची तर ती त्यांच्या हयातीतच करता येईल.