पडद्याचे चित्र म्हणजे निरीक्षण नव्हे

प्रयोगवहीत निरीक्षणांचा तक्ता असावा आणि त्यावरून आलेख विद्यार्थ्याने स्वतः काढावा, ही शालेय विज्ञानाची जुनी शिस्त आहे. अलीकडे त्या तक्त्याच्या जागी मोबाइलच्या पडद्याचे चित्र, म्हणजेच स्क्रीनशॉट, चिकटवलेले दिसू लागले आहे. विज्ञान प्रदर्शनातील फलकांवरही तेच. ‘प्रयोग केला, हा घ्या पुरावा’ अशी त्यामागची भूमिका असते. ही सवय विज्ञानशिक्षणाला मारक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम हे चित्र तयार कसे होते ते पाहू. पडद्यावर जे दिसते ते उपकरणाच्या स्मृतीत आधी अंकांच्या रूपात तयार असते. १९२० × १०८० चित्रबिंदूंच्या पडद्यावर एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या छटेसाठी एकेक बाइट धरला तर सुमारे ६२ लाख बाइट होतात. स्क्रीनशॉट घेणे म्हणजे या अंकांची नक्कल करणे. येथे भिंग नाही, प्रकाश नाही. म्हणून कॅमेऱ्याने काढलेल्या पडद्याच्या फोटोपेक्षा ही नक्कल कितीतरी स्वच्छ असते. १९८१ च्या आयबीएम संगणकावर पडद्यावरील मजकूर थेट छपाईयंत्राकडे पाठवणारी कळ होती. अँड्रॉइड फोनांत ही सोय २०११ मध्ये अंगभूत झाली. संगणकाने दाखवलेली चूक दुसऱ्याला कळवायची असेल, तर याहून चांगले साधन नाही. हे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

मात्र ही नक्कल रंगांची असते, मोजमापांची नव्हे. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. जर्मनीतील आखेन येथील तांत्रिक विद्यापीठाने २०१६ मध्ये ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप उपलब्ध करून दिले. मोबाइलमधील संवेदकांची मापे ते आपल्यापुढे ठेवते. समजा, १ मीटर लांबीच्या दोरीला मोबाइल टांगून आपण लंबक केला. संवेदक सेकंदाला १०० नोंदी घेत असेल, तर एका मिनिटात ६,००० नोंदी जमतात. पडद्यावरील आलेखाची रुंदी मात्र जेमतेम १,००० बिंदू. म्हणजे एका बिंदूच्या रुंदीत सहा नोंदी कोंबल्या गेल्या, आणि एक बिंदू ०.०६ सेकंदाचा झाला.

आता लंबकाकडे वळू. लहान झोक्यासाठी या लंबकाचा आवर्तकाल सुमारे २.०१ सेकंद येतो. झोका ४० अंशांचा असेल तर तो सुमारे ३ टक्क्यांनी वाढून २.०७ सेकंद होतो. आवर्तकाल झोक्याच्या आकारावर अवलंबून नसतो, असे गॅलिलिओचे मत होते. ते काटेकोरपणे खरे नाही, हे हायगेन्सने १६७३ च्या आपल्या ग्रंथात दाखवले. हा सुंदर शोध नववी-दहावीचा विद्यार्थी आज स्वतः पडताळू शकतो. मोठ्या झोक्याने सुरुवात करून, झोका लहान होत जाताना एकेका आंदोलनाचा काल काढला की झाले. परंतु येथे फरक आहे ०.०६ सेकंदाचा, म्हणजे चित्रातील नेमक्या एका बिंदूचा! सहा हजार नोंदींत जे सापडते, ते चित्रात बुडून जाते.

कोणी म्हणेल, आलेख मोठा करून पाहावा. ॲपमध्ये आलेख मोठा करता येतो, कारण तेथे मूळ नोंदी शाबूत असतात. चित्र मोठे केले तर फक्त बिंदू मोठे होतात. माहिती वाढत नाही. शिवाय हेच चित्र संदेशातून पाठवले की ते बहुधा जेपीईजी पद्धतीने दाबले जाते. त्यात ८ × ८ बिंदूंच्या चौकटी करून बारीक तपशील गाळले जातात. आलेखाची पातळ रेघ नेमकी त्यात धूसर होते.

पुरावा म्हणूनही हे चित्र लंगडेच आहे. वेबपानावरील आकडे ब्राउझरमधील साधनांनीच बदलून मग चित्र घेता येते. चित्र त्या बदललेल्या पडद्याची प्रामाणिक नक्कल करते. उलटही घडते. गूगलचे पिक्सेल फोन आणि विंडोज यांतील चित्र कापण्याच्या साधनांत २०२३ मध्ये असा दोष उघड झाला, की कापून टाकलेला काही भाग फाइलमधून परत मिळवता येत होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र मागते. मग प्रयोगशाळेनेच नुसत्या चित्रावर समाधान का मानावे?

पडद्याचे चलचित्रण थोडे वेगळे आहे. त्यात कृतीचा क्रम दिसतो. आकडे भरून आलेख कसा काढावा हे शिकवायला ते उत्तम. परंतु सेकंदाला ३० चित्रे म्हणजे सुमारे १८.७ कोटी बाइट. म्हणून तेही बरेच दाबावे लागते. आणि ३० चित्रांत १०० नोंदी मावत नाहीत. मापन म्हणून तेही अपुरेच.

शिक्षकांची अडचण आम्ही जाणतो. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात साठ आकड्यांच्या फायली कोण तपासणार? चित्रावर एक नजर टाकली की काम भागते. पण आमची मागणी साठ फायलींची नाही. फायफॉक्समध्ये पडद्याचे चित्र पाठवण्याची सोय आहे, तशीच सर्व नोंदी तक्त्याच्या रूपात बाहेर काढण्याचीही आहे. वर्गात एक मोबाइल असला तरी पुरे. त्या तक्त्यातून प्रत्येक गटाने वेगवेगळ्या दहा आंदोलनांचे काल काढावेत, वहीत हाताने लिहावेत आणि आलेखही हातानेच काढावा. सोबत दोरीची लांबी, सुरुवातीचा झोका, सेकंदाला किती नोंदी घेतल्या आणि तारीख, एवढे लिहावे. चित्र हवे तर शेवटी चिकटवावे, न कापता.

आणि गुण तक्त्याला द्यावेत. चित्रावरून आवर्तकाल पुन्हा काढून पाहा, असे विद्यार्थ्याला सांगून बघावे. त्याला तो नीट काढता आला नाही, की निरीक्षण व देखावा यांतला फरक त्याला वेगळा शिकवावा लागणार नाही.