परिचयपत्राची फेंगशुई-रचना : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

परिचयपत्र, म्हणजेच व्यवहारात ज्याला व्हिजिटिंग कार्ड म्हटले जाते ते, छोट्या व्यावसायिकाच्या दृष्टीने जाहिरातीचे सर्वांत स्वस्त साधन होय. 1991 नंतरच्या आर्थिक उदारीकरणाच्या काळात वास्तुशास्त्राच्या पाठोपाठ फेंगशुई महाराष्ट्रात रुजले. हसरा बुद्ध, तीन पायांचा बेडूक आणि लाल दोऱ्यात ओवलेली तीन चिनी नाणी महानगरांतून तालुक्याच्या दुकानांपर्यंत आली. घर व दुकान यांच्यापुरता असलेला हा सल्ला पुढे कार्डाच्या कागदापर्यंत पोहोचला. कार्डाची लांबी-रुंदी किती असावी, बोधचिन्ह कोणत्या कोपऱ्यात छापावे, कोणता अंक टाळावा, याचे नियम सांगितले जाऊ लागले. प्रस्तुत लेखात या नियमांची चिकित्सा बुलढाणा जिल्ह्यातील छोट्या व्यावसायिकाच्या दृष्टिकोनातून करावयाची आहे. या नियमांतील कोणता भाग छपाईकलेचा आहे, कोणता फेंगशुईचा आहे आणि त्यापैकी कोणता भाग मराठी मुलखात अर्थपूर्ण ठरतो, एवढाच येथे विचाराचा विषय आहे.

मूळ संकल्पना

'फेंग' म्हणजे वारा आणि 'शुई' म्हणजे पाणी. चौथ्या शतकातील गुओ पु याच्या नावावर असलेल्या ग्रंथात या संकल्पनेचे आद्य विवेचन आढळते. त्या ग्रंथाचा विषय दफनभूमीची निवड हा आहे. प्राणशक्ती वाऱ्याने विखुरते आणि पाण्यापाशी थांबते, म्हणून वाऱ्यापासून आडोसा व पाण्याचे सान्निध्य असलेली जागा शोधावी, असा त्याचा आशय आहे. म्हणजेच फेंगशुई हा मुळात भूमीचा विचार आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग आणि मधोमध पूर्णेचे खोरे अशी रचना असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात वस्ती कोठे करावी आणि पाणी कोठे अडवावे, हे प्रश्न आजही जिवंत आहेत. त्या प्रश्नांशी मूळ चिनी विचाराचे काही नाते जुळू शकेल. कागदाच्या तुकड्याला मात्र वारा नाही, पाणी नाही आणि दिशाही नाही. खिशात ठेवलेले कार्ड माणसाबरोबर दिवसभर फिरते. त्याचा कोणताही कोपरा कायम आग्नेयेस राहत नाही.

मापाचा नियम

शुभ मापे ठरविण्यासाठी लु बान या नावाची चिनी पट्टी वापरली जाते. सुमारे 43 सें.मी. लांबीच्या या पट्टीचे आठ भाग असून प्रत्येक भाग सुमारे 5.4 सें.मी.चा असतो. पहिला भाग धनाचा, दुसरा आजाराचा, तिसरा वियोगाचा. चौथ्या भागापासून पुन्हा शुभ मापे सुरू होतात. भारतात प्रचलित असलेले कार्ड साडेतीन इंच लांब व दोन इंच रुंद, म्हणजे सुमारे 8.9 बाय 5.1 सें.मी.चे असते. त्याची रुंदी धनात आणि लांबी आजारात पडते. चीनमधील प्रचलित कार्ड 9 बाय 5.4 सें.मी.चे असते, त्याचीही लांबी आजारातच जाते. बँकेच्या एटीएम कार्डाची लांबी 8.56 सें.मी. असल्याने तेही या दोषातून सुटत नाही. दोन्ही बाजू शुभ ठेवावयाच्या तर कार्डाची लांबी 5.4 सें.मी.हून कमी किंवा 16 सें.मी.हून अधिक करावी लागेल. पहिल्या प्रकारात पत्ता मावत नाही, दुसऱ्या प्रकारात कार्ड खिशात मावत नाही. जो नियम खुद्द चीनमधील व्यापाऱ्याच्या कार्डालाही लागू पडत नाही, तो खामगावच्या चांदीच्या पेढीने पाळावा, या अपेक्षेस आधार उरत नाही.

अंकांचा नियम

चार हा अंक टाळावा व आठ हा अंक घ्यावा, हा सल्ला सर्वाधिक लोकप्रिय आहे. त्याचे मूळ गणितात नसून उच्चारात आहे. चिनी भाषेत 'चार' व 'मृत्यू' या शब्दांचे उच्चार जवळपास सारखे आहेत, तर 'आठ'चा उच्चार भरभराटीच्या शब्दाशी मिळताजुळता आहे. मराठीत 'चार' आणि 'मृत्यू' यांत कोणतेही ध्वनिसाम्य नाही. उलट चारधाम, चार वेद, चारचौघे असे या संख्येचे संस्कार आदराचे व सामाजिकतेचे आहेत. श्लेष भाषांतरात टिकत नाही, हा साहित्याच्या अभ्यासकाला परिचित असलेला नियम येथेही लागू पडतो.

या नियमाची स्थानिक परिणती उद्बोधक आहे. बुलढाणा शहराचा पिनकोड 443001, खामगावचा 444303 आणि शेगावचा 444203. जिल्ह्यातील प्रत्येक पत्त्याच्या आरंभी दोन चौके आहेत. खामगाव व शेगावच्या आरंभी तर तीन. नियम खरा मानल्यास संपूर्ण जिल्ह्याचा टपाल-पत्ताच अशुभ ठरतो आणि पत्ता न छापणे हाच उपाय उरतो. दुसरीकडे, जिल्ह्यातील वाहनांवरील एमएच-28 या क्रमांकातील 28 हा आकडा कँटोनीज उच्चारानुसार सहज भरभराट सुचवितो. एकच जिल्हा टपालात अशुभ व परिवहनात शुभ ठरावा, यातच नियमाची विसंगती स्पष्ट होते. शिवाय मराठी लोकव्यवहाराचे स्वतःचे अंकसंकेत आहेतच. 'तीन तिघाडा, काम बिघाडा' म्हणणाऱ्या समाजाला फेंगशुई तीन पायांचा बेडूक आणि तीन नाणी शुभ म्हणून विकते, आणि हा विरोध विकणाऱ्यास वा घेणाऱ्यास जाणवत नाही.

दिशांचा नियम

कार्डावर नऊ घरांचा बागुआ नकाशा कल्पून वरचा डावा कोपरा धनाचा व वरचा मध्यभाग कीर्तीचा मानला जातो. चिनी परंपरेत नकाशाच्या माथ्यावर दक्षिण असते, म्हणून कीर्तीचे घर दक्षिणेचे व धनाचे घर आग्नेयेचे होय. महाराष्ट्रात दक्षिण ही यमाची दिशा, आग्नेय अग्नीची आणि धनाधिपती कुबेराची दिशा उत्तर. जिल्ह्यातील व्यापारी कार्डाच्या माथ्यावर मध्यभागी 'श्री' अथवा आराध्यदैवताचे नाव छापतो. दोन्ही शास्त्रे एकत्र पाळावयाची झाल्यास हे देवनाम यमाच्या दिशेला जाते. चिनी पंचतत्त्वांचे मराठीत 'पंचमहाभूते' असे भाषांतर करण्यातही हीच गफलत आहे. चिनी यादीत काष्ठ व धातू आहेत, वायू व आकाश नाहीत.

स्थानिक श्रद्धेशी तुलना

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला होणारी घटमांडणी सर्वश्रुत आहे. तिच्या भाकितांना शास्त्रीय आधार नाही, ही अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीची टीका योग्यच आहे. तथापि तिच्यातील धान्ये, घागर, पाऊस व पीक ही सारी येथील शेतकऱ्याच्या चिंतेची भाषा आहे. फेंगशुईच्या कार्डाला तेवढाही आधार नाही. ते विज्ञान नाही आणि परंपराही नाही. ती परंपरेचे रूप घेतलेली विक्रीवस्तू आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने वास्तुशास्त्राचा व ज्योतिषांचा सल्ला आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. तेव्हा अशा सल्ल्याचा निवाडा कायद्याने नव्हे, तर चिकित्सेनेच करावा लागेल.

ग्राह्य भाग

या सल्ल्यातील काही भाग निश्चितच उपयुक्त आहे. कार्डावर गर्दी नसावी, मोकळी जागा सोडावी, कागद जाड असावा, मळलेले कार्ड देऊ नये, शाई व कागद यांच्या रंगांत स्पष्ट भेद असावा, या सूचना मान्य होण्याजोग्या आहेत. मात्र त्या छपाईकलेच्या सूचना आहेत. खिळे जुळवून ट्रेडल मशीनवर कार्ड छापणाऱ्या तालुक्याच्या छापखान्यातील जुळाऱ्यास त्या ठाऊक होत्या व त्यासाठी त्याने वेगळे शुल्क घेतले नाही.

समारोप

प्रश्न काही रुपयांच्या कार्डाचा नाही. पदवी घेऊन नोकरी न मिळाल्याने बियाण्यांचे, मोबाईल दुरुस्तीचे वा छायाचित्रणाचे दुकान टाकणारा ग्रामीण तरुण भांडवल अपुरे असताना हा सल्ला विकत घेतो. धंदा बसला तर दोष कोपऱ्याचा ठरतो. मालाचा दर, उधारी व बाजारपेठ यांचा हिशेब मागे पडतो. हेच खरे नुकसान होय. त्याच्या कार्डाची कसोटी साधी आहे : आठवडी बाजारातून परतलेल्या वयस्क शेतकऱ्याला ते कार्ड आपल्या लिपीत, चष्म्याविना, कंदिलाच्या नाही तरी अंगणातल्या दिव्याच्या उजेडात वाचता यावे, दुकान कोणत्या गावी, कोणत्या रस्त्यावर आहे ते कळावे, आणि दूरध्वनीचे दहा अंक चुकू नयेत. त्या दहा अंकांत चौका असला तरी फोन लागतोच.