बूकी, मालिस आणि आपला सोंगाड्या

मंडईच्या हंगामात झाडीपट्टीत जाण्याचा योग आम्हांला बऱ्याच वर्षांनी गतसाली आला. आमची माजरी चंद्रपूर जिल्ह्यातच असली तरी झाडीपट्टीत मोडत नाही. ती वर्धेच्या खोऱ्यातील काळ्या मातीची आणि त्या मातीखालच्या कोळशाची भूमी. येथे रेल्वेचे जंक्शन आहे, खाणी आहेत आणि पोटासाठी चार प्रांतांतून आलेली माणसे आहेत. धानाच्या बांध्यांचा आणि रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा मुलूख पूर्वेला, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडून पुढे गडचिरोलीपर्यंत पसरलेला. भाऊबिजेपासून तेथे गावोगाव मंडया भरतात आणि मंडईच्या रात्री नाटक हवेच. आम्ही पाहिलेल्या नाटकात एक विनोदी प्रवेश होता. एक बेरकी इसम सरकारी मदतीचे आमिष दाखवून आपल्या बहिऱ्या शेजाऱ्याचा कोऱ्या कागदावर अंगठा घेतो. बहिरा भलतेच ऐकतो, भलतीच उत्तरे देतो आणि उत्तरागणिक आपले शेत गमावीत जातो. प्रेक्षक पोट धरधरून हसत होते. आम्हीही हसलो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

परतीच्या वाटेवर गाडी चालविणारा आमचा तरुण म्हणाला, "फादर, माणूस मात्र हुशार होता." त्या शब्दाने आमचे हसू विरले, कारण तोच शब्द काही महिन्यांपूर्वी आम्ही आमच्या धर्मग्रामात ऐकला होता. खाणीसाठी जमीन गेलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या मोबदल्यातील मोठा वाटा त्यांच्याच नात्यातील एकाने कागदपत्रांच्या धावपळीचा मेहनताना म्हणून काढून घेतला होता. समेटासाठी आम्ही गेलो तेव्हा अंगणात जमलेल्यांपैकी कोणीही त्या नातलगाला चोर म्हटले नाही. "हुशार निघाला," एवढेच म्हणाले, आणि त्या स्वरात थोडे कौतुकही होते.

येथे आम्हांला त्या व्यवहाराचा निवाडा करावयाचा नाही. आमचा प्रश्न साहित्याचा आहे. लोककथेतील लबाड पात्र आपल्याला इतके का आवडते, आणि ते आवडणे नेहमी एकाच प्रकारचे असते काय? याविषयी दोन मते ऐकू येतात. आमच्यासारखे प्रवचनकार म्हणतात, लबाडी ती लबाडी. अशा कथा मुलांना सांगू नयेत. लोकसाहित्याचे अभ्यासक म्हणतात, लबाड पात्र म्हणजे दुबळ्यांचे बंड. ते जेथे भेटेल तेथे त्याचे स्वागत करावे. पहिल्या मताच्या शाळेत आम्ही वाढलो. दुसरे मत पुढे ग्रंथांतून भेटले आणि काही काळ आम्हांला पटलेही. हैती देशाच्या कथा वाचल्यापासून दोन्ही मते आम्हांला अपुरी वाटू लागली आहेत.

कॅरिबियन समुद्रातील हैती हा देश गुलामांच्या उठावातून १८०४ साली स्वतंत्र झाला. जहाजांत कोंबून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी सोबत काही आणले असेल तर ते स्मरणात. त्या स्मरणातून आलेली एक जोडी म्हणजे बूकी आणि ती-मालिस. (यातील 'ती' म्हणजे धाकटा, मराठी सर्वनामाशी त्याचा संबंध नाही. यापुढे आम्ही नुसते मालिसच म्हणू.) सेनेगलमधील वोलोफ भाषेत बूकी म्हणजे तरस. तेथील कथांत ससा तरसाला फसवितो. समुद्र ओलांडल्यावर हैतीत या दोघांना माणसाचे रूप आले. बूकी झाला सदा भुकेला, भोळा, थोडा हावरा शेतकरी. मालिस झाला त्याला पदोपदी गंडविणारा चलाख सोबती. कथेकरी 'क्रिक?' असे विचारतो आणि श्रोते 'क्राक!' म्हणून होकार देतात, की कथा सुरू. आपल्या आटपाट नगराइतकाच तो संकेत तेथे रुळलेला आहे.

हॅरल्ड कूरलँडर यांच्यासारख्या संग्राहकांनी या कथा इंग्रजीत आणल्या. त्यांतील दोन कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिलीत बूकी बाजाराला जातो. तेथे एक म्हातारा गरमगरम काहीतरी खाताना तोंड भाजून ओरडतो. बूकीला वाटते, त्याच्या तोंडून निघाले ते त्या पदार्थाचेच नाव! ते 'ऊआय' विकत घेण्यासाठी तो बाजारभर वणवण करतो आणि लोकांच्या हसण्याचा विषय होतो. अखेर मालिस म्हणतो, मी तुला ते मिळवून देतो. तो एका पोत्यात फळे भरतो आणि तळाशी निवडुंग ठेवतो. बूकी हात घालून एकेक फळ काढतो, हे नव्हे, हेही नव्हे असे म्हणतो, आणि शेवटी काटे रुतून किंचाळतो. ती किंचाळी म्हणजेच 'ऊआय'. मागितलेली वस्तू मिळाली!

दुसऱ्या कथेत बूकी एका चिकट माणसाकडून घोडा भाड्याने ठरवितो, आगाऊ रक्कमही देऊन बसतो, आणि मग घोड्याची गरजच उरत नाही. घोडेवाला पैसे परत देईना. मालिस बूकीला घेऊन तेथे जातो आणि घोड्याच्या पाठीचे माप घेऊ लागतो. येथे तुझी बायको बसेल, येथे मी, येथे पोरे, येथे सामान. घोड्यावर अख्खे बिऱ्हाड चढणार हे पाहून घोडेवाल्याचा धीर सुटतो. तो व्यवहार मोडायला निघतो, आणि मालिस त्याच्याकडून दिल्यापेक्षा अधिक रक्कम उकळूनच माघार घेतो.

मालिस तोच, कसबही तेच. पण दोन्ही कथांवरील आपले हसू एक नाही. दुसऱ्या कथेत आपण मोकळेपणी हसतो. पहिलीत हसता हसता बोटाला काटा लागतो. हैतीतील विचारवंतांना हे जाणवले होते. झाँ प्रिस-मार्स यांनी 'असे बोलले काका' या १९२८ सालच्या आपल्या ग्रंथात या जोडीत हैतीच्या समाजाचे चित्र पाहिले. बूकी म्हणजे आफ्रिकेतून नुकताच उतरविलेला, भाषा न जाणणारा गुलाम. मालिस म्हणजे त्याच बेटावर जन्मलेला, धन्याच्या चालीरीती शिकलेला गुलाम. दोघेही गुलामच. एकाने दुसऱ्याला हसावे, एवढ्यासाठी धन्याला कथेत येण्याचीदेखील गरज पडत नाही. म्हणून मालिसच्या प्रत्येक खोडीला बंड म्हणणाऱ्यांना आमचा एवढाच प्रश्न आहे, की हे बंड कोणाविरुद्ध?

आता आमच्या बाजूचा दोषही सांगितला पाहिजे. हैतीच्या लोकधर्मात आणखी दोन खट्याळ विभूती आहेत. लेग्बा हा चव्हाट्याचा आणि दाराचा रक्षक. त्याने वाट मोकळी केल्याशिवाय कोणतेही आवाहन पोचत नाही. त्याच्यासाठी लोक संत पेत्राची तसबीर वापरतात, कारण त्याच्या हाती किल्ल्या आहेत. दुसरे गेदे, मृतांचे मेळ. नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला, म्हणजे आपण सर्व संतांचा आणि सर्व मृतांचा सण पाळतो त्याच दिवसांत, ते दफनभूमीत अवतरतात, काळ्याजांभळ्या पोशाखात अचकटविचकट बोलतात आणि मृत्यूची टर उडवितात. १९४१-४२ मध्ये तेथील चर्चने सरकारच्या पाठबळावर या साऱ्या लोकधर्माविरुद्ध मोहीम काढली, ढोल आणि पूजावस्तू जाळल्या, लोकांकडून त्यागाच्या शपथा घेतल्या. हा इतिहास आम्ही वाचला तेव्हा आम्हांला अवघडल्यासारखे झाले. श्रद्धेच्या बाबतीत आमची भूमिका स्पष्ट आहे. गेदेपुढे आम्ही नमणार नाही. पण ज्या लोकांना जिवंतपणी मालकाने आणि मेल्यावर विस्मृतीने गिळले, त्यांनी मृत्यूलाच वाकुल्या दाखविल्या तर ते हसू ऐकण्यापूर्वीच ढोल जाळणे हे वाचन नव्हे. गेदेची थट्टा खालून वर जाते. राजा, धनी, धर्मगुरू, कोणीही मरणारच, हे तो तोंडावर सांगतो.

आपल्या पवित्र शास्त्रालाही लबाड पात्र अपरिचित नाही. याकोबाने हातांवर करडांची कातडी बांधली, आंधळ्या पित्यापुढे आपण एसाव असल्याचे सांगितले आणि आशीर्वाद लाटला. कथा येथेच संपली असती तर ती मालिसची कथा ठरली असती. परंतु उत्पत्तीचा लेखक एसावाला रंगभूमीवरून घालवून देत नाही. तो शिकारीहून परततो, आपली फसवणूक त्याला कळते आणि तो हंबरडा फोडतो. तो हंबरडा वाचकाला ऐकावाच लागतो. पुढे सात वर्षे राबून याकोबाच्या पदरी राहेलऐवजी लेआ पडते, आणि लाबानाच्या रूपाने त्याला त्याचाच धडा मिळतो. याब्बोक नदीच्या उतारावर रात्रभर झुंज देणारा त्याला नाव विचारतो. एकदा 'एसाव' असे सांगितलेल्या तोंडाने तेथे 'याकोब' म्हणावे लागते. तेथून तो लंगडत निघतो आणि भावाची भेट त्यानंतर होते. लूकच्या शुभवर्तमानातील अन्यायी कारभारी तर आम्हां प्रवचनकारांची कायमची अडचण. रविवारच्या वाचनात तो तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्या रविवारी पाहुणे धर्मगुरू मिळाले तर बरे, असे वाटते. पण त्याची लबाडी कोणत्या दिशेने वाहते ते पाहा. शंभर मापे तेलाची पन्नास होतात, शंभर मापे गव्हाची ऐंशी. ऋणको सुटतात.

आमच्या जिल्ह्यांच्या जंगलांतील एक आख्यान येथे आठवते. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने नागपूर प्रांती प्रधान गायकांकडून लिंगोचे आख्यान टिपून घेतले होते. १८६३ साली ओढ्याच्या पुरात ते बुडाले. पुढे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली त्यांचे कागद छापले. लिंगो हे गोंड समाजाचे धर्मसंस्थापक आहेत. त्यांना लबाड म्हणण्याचा अविवेक आम्ही करणार नाही. आम्हांला केवळ अग्नीचा प्रसंग सांगावयाचा आहे. रिकाड गवडी या राक्षसी म्हाताऱ्याच्या शेतात विस्तव असतो. धाकटा भाऊ तो चोरायला जातो, पण ठिणगी म्हाताऱ्याच्या अंगावर पडते आणि पोराला जीव घेऊन पळावे लागते. मग लिंगो स्वतः निघतात. भोपळ्याचे तंतुवाद्य करतात, झाडावर बसतात आणि असे वाजवितात की म्हातारा नाचू लागतो. पाहायला आलेली म्हातारीही नाचू लागते. त्यानंतर लिंगो त्याला मामा म्हणून हाक मारतात आणि शेवटी म्हातारा आपल्या सात मुली लिंगोच्या भावांना देतो. नुसत्या चोरीने जे साधले नाही ते संगीताने साधले. युक्ती आपल्याहून बलवान असलेल्यावर चालली, आणि तिच्या अखेरीस दोन घरे सोयरी झाली. ज्या मातीत हे गायिले गेले तेथे लबाडीचे मोल कसे करावे याचे शिक्षण घेण्यास हैतीपर्यंत जाण्याचे कारण नव्हते. आम्ही गेलो, हा आमच्या वाचनाचा आडमार्ग.

मराठी रंगभूमीवरील सोंगाड्याचेही कूळ हेच. हरिभाऊ वडगावकरांच्या 'गाढवाचं लग्न'मधील सावळ्या कुंभार दादू इंदुरीकरांनी अजरामर केला. तो दरिद्री, पण त्याच्या जिभेचा फटका दरबारापर्यंत जातो. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) मध्ये दादा कोंडक्यांचा हवालदार राजाच्या आणि प्रधानाच्या पदरच्या मूर्खपणावर जगतो. झाडीपट्टीतील खडी गंमत तर नावाप्रमाणे उभ्याउभ्याने चालणारी. नाच्या, शाहीर आणि सोंगाड्या यांच्या जोरावर ती रात्र जागविते. सोंगाड्याला तेथे जी मोकळीक आहे ती गावच्या पाटलालाही चिमटा काढण्याची मोकळीक आहे, आणि पाटीलही समोर बसून तो सोसतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आणि लोकरंगभूमीचा आयुष्यभर अभ्यास केला. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांनाही झाडीपट्टी नावाची रंगभूमी असल्याचे आठवले. हे सर्व आनंदाचेच आहे.

तथापि आम्ही पाहिलेल्या प्रवेशाविषयी आमची तक्रार राहतेच. तो अश्लील नव्हता. द्व्यर्थी संवादांवर जी टीका नेहमी होते ती येथे लागू नाही. लेखकाला संवादाचे अंग होते, नटाला वेळेचे भान होते. तक्रार अशी की सोंगाड्याचे तोंड फिरले होते. समोर पहिल्या रांगेत खुर्च्यांवर गावचे पुढारी बसले होते. त्यांच्याकडे एकही शब्द गेला नाही. सारे शब्द गेले एका बहिऱ्या अल्पभूधारकाकडे. मालिसने निवडुंग पुन्हा बूकीच्याच पोत्यात घातला होता, आणि सतरंजीवर बसून हसणाऱ्यांत किती बूकी होते हे मोजण्याचे कारण नाही. हैतीचा कथेकरी निदान बूकीला जिवंत ठेवतो. पुढच्या 'क्रिक?'ला तो पुन्हा येतो, पुन्हा भुकेला, पुन्हा प्रश्न विचारीत. श्रोत्यांचा जीव मालिसपेक्षा त्याच्यावरच अधिक जडतो, असे त्या कथा वाचताना आम्हांला वाटले.

बहिऱ्याचे काम करणारा नट वयस्क होता. अंगठा उमटविल्यावर त्याने शाई धोतराला पुसली, ती निघेना म्हणून पुन्हा पुसली, आणि क्षणभर तो अंगठ्याकडे पाहत राहिला. संहितेत तेथे त्याला वाक्य नसावे. तेवढ्यात बेरकी पात्राने कागदाची घडी खिशात घालीत टाळी मिळविली, दिवे गेले, पेटीवर पुढच्या गाण्याचे सूर सुरू झाले. नाटक पहाटे चारला संपले. तो बहिरा पुन्हा रंगमंचावर आला नाही.