बारदेशचें मीठ : एक पत्र व एक तह

शेजारच्या राज्याचा माल आपल्या मुलखांत मोकळेपणीं येऊं द्यावा, कीं त्यावर जकात बसवावी, हा प्रश्न आजकालचा नाहीं. २०१९ सालीं भारतानें आशिया-पॅसिफिक देशांच्या नियोजित आर्थिक भागीदारींतून अंग काढून घेतलें, तेव्हां त्याचेंच नवें रूप दिसलें. महाराष्ट्रापुरतें पाहतां या प्रश्नाचीं दोन उत्तम साधनें उपलब्ध आहेत, आणि दोहोंतही गोव्याच्या मिठाचा संबंध येतो.

पहिलें साधन म्हणजे १६७१ सालीं शिवछत्रपतींनीं कुडाळच्या सरसुभेदारास लिहिलेलें पत्र. पोर्तुगीज अमलाखालील बारदेशचें मीठ स्वस्त पडत असल्यानें व्यापारी तिकडे वळतात. सबब तें संगमेश्वराकडील मिठाहून महाग पडेल इतकी जकात त्यावर बसवावी, असा त्याचा आशय. एवढ्यावरून महाराजांस परदेशी व्यापाराचे विरोधी ठरविणें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. ही आज्ञा जकातीची आहे, बंदीची नव्हे. वाट मोकळी ठेवून तराजूचें पारडें तेवढें आपल्या बाजूस झुकविलें आहे.

दुसरें साधन २६ डिसेंबर १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज तह. तो जानेवारी १८८० मध्यें अमलांत आला व जानेवारी १८९२ मध्यें संपला. या बारा वर्षांत गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांमधील जकातीची भिंत बहुतांशीं नाहींशी झाली. मुरगांव बंदराची उभारणी व तेथून घाट चढणारा रेल्वेमार्ग हीं या तहाचीं फळें. तीं आजही उपयोगी पडत आहेत. परंतु त्याच तहान्वयें गोव्यांतील मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांचा ताबा बसला, आणि मोबदल्यादाखल पोर्तुगीज सरकारास दरसाल ४ लक्ष रुपये मिळूं लागले. रुपये खजिन्यांत गेले; मिठागरांचा धंदा मात्र खालावला, आणि दारचें मीठ गोंयकारासच महाग झालें. केवळ रेल्वे पाहून तहाची स्तुति करणें किंवा केवळ मिठागरें पाहून निंदा करणें, हा अर्धजरतीय न्याय होय.

दोन्ही साधनांत एक उणीव मात्र समान आहे. दोन्ही सरकारी लेखणीनें लिहिलेलीं असून मीठ पिकविणारा त्यांत कोठेंच बोलत नाहीं. आम्ही राहतों त्या मुळशी तालुक्यास हें अनोळखी नाहीं. येथील धरणाची वीज मुंबईच्या गिरण्यांसाठीं होती. जमीन बुडाली ती मावळच्या शेतकऱ्यांची. १९२१ सालचा मुळशी सत्याग्रह त्यांतूनच उद्भवला. तेथें दोन देशांचा करार नव्हता हें खरें. तथापि लाभ एकीकडे व झीज दुसरीकडे, हें सूत्र तेंच.

म्हणून बाजार एक करणारा करार चांगला कीं वाईट, असा सरसकट निवाडा आमच्या मतें व्यर्थ आहे. लाभ कोणास झाला, झीज कोणीं सोसली व ती कोणीं भरून दिली, हें पाहिल्याविना करारांचें परीक्षण पुरें होत नाहीं. यासाठीं संग्राहकांस आमची एक विनंति आहे. तहनामे व आज्ञापत्रें जपलीं जातात. घाटवाटांवरील जकातीचे कागद, मिठागरांच्या खंडाचे हिशेब व बैलांवरून मीठ आणणाऱ्यांच्या कीर्दी मात्र रद्दींत जातात. कोंकणांतून घाटमाथ्यावर येणाऱ्या वाटांवरील गांवांत, मुळशींतही, असे कागद आढळल्यास ते मंडळाकडे अवश्य पाठवावे. ते हातीं येईपर्यंत या खटल्यांतील एका पक्षाची साक्ष व्हावयाचीच राहील.